चिंचेखालची मंडळी

"किती घालू?" मी विचारलं.

काळ्या मनुकांची पुडी माझ्या हातात होती आणि आमचे हे दाराच्या चौकटीला टेकून बोटं मोजत उभे होते. शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा आणि एका प्याल्यातला घोट घ्यायचा विधी. बोरदऱ्याच्या चर्चमध्ये प्याल्यातला द्राक्षारस म्हणजे पाळकाच्या बायकोनं मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळलेलं पाणी.

"भांबळांची तीन घरं उठणार," हे म्हणाले. "रणनवऱ्यांची दोन. साळवे गेल्या महिन्यात बसले होते, तेव्हा साळवे धर."

"साळव्यांच्या मेथीत मंगळवारी बोर्ड्यांची शेळी शिरली."

"मग साळवेही गेले, बोर्डेही गेले." ह्यांनी दोन बोटं मिटली. हातावर फारसं काही उरलं नाही. "मूठभर घाल."

मी मूठभर घातल्या. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण ती मूठ मला अजून आठवते. तिच्यात राग होता.

'उठणं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. फार पूर्वी कुणा मिशनरी साहेबानं या लोकांना शिकवून ठेवलं होतं, की मनात कुणाविषयी अढी असेल तर प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही. आधी उठायचं, त्या माणसाशी समेट करायचा, मग येऊन बसायचं. बोरदऱ्यानं यातला उठण्याचा भाग मनापासून उचलला. समेटाचा भाग कुठे गळून पडला कुणास ठाऊक. प्रवचन संपलं, की दर महिन्याला निम्म्याहून जास्त मंडळी शांतपणे उठायची, चपला घालायची आणि अंगणातल्या चिंचेच्या पारावर जाऊन बसायची. ज्यांच्याशी भांडण ते शत्रूही त्याच पारावर, फक्त पाठीला पाठ लावून. आत आम्ही आठ-दहा जण. गाणं सुरू झालं की बाहेरचेही गायचे, आणि खरं सांगायचं तर बाहेरचा सूर आतल्यापेक्षा बरा लागायचा, कारण पेटीवाले हाबेलकाका भांबळ आणि तबलेवाले शांतवनकाका रणनवरे दोघंही बाहेरच असायचे.

हे दोघं साडू. सख्ख्या बहिणी दोघांच्या घरी. त्याच्या चार वर्षं आधी ईस्टरच्या दिवशी शांतवनकाकांना आनंद आवरला नाही, त्यांनी लय वाढवली, आणि मंडळीचं गाणं संपलं तेव्हा हाबेलकाकांची पेटी शेवटच्या कडव्याच्या मध्यावर एकटीच वाजत होती. कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून साडू साडूशी बोलत नव्हता. उपासनेत दोघं शेजारी बसून वाजवायचे, प्रवचन झालं की हाबेलकाका पेटीचा भाता दाबून बंद करायचे, शांतवनकाका तबल्यावर फडकं टाकायचे, आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडायचे.

मी पुण्याची. नाना पेठेत वाढलेली. आमच्या तिथल्या चर्चमध्ये बाकांना पॉलिश होतं, उपासनेचा छापील कागद हातात मिळायचा आणि लोक घड्याळ बघून प्रार्थना करायचे. लग्नानंतर वर्षभरात ह्यांची बोरदऱ्याला नेमणूक झाली. पत्र्याचं छत, दगडी भिंती, बसायला सतरंज्या आणि एकेचाळीस घरांची मंडळी. ती माझ्या स्वयंपाकघरात न विचारता यायची, पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायची आणि "आज आमटी पातळ झाली" असं सांगून जायची. मी ते सगळं सहन केलं. सहन झाली नाही ती बुधवारची प्रार्थनासभा.

आम्ही आल्यावर वर्षभरानं एका बुधवारी तबिथाबाई गुडघ्यांवर आली. तबिथाबाई म्हणजे चर्चची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी, प्याला घासूनपुसून ठेवणारी म्हातारी विधवा. बिनपगारी मालकीणच म्हणा. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, पाळकीणबाईची कूस उघड." सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. क्रमच ठरला होता. आधी पाऊस, मग आजारी माणसं, मग गाभण म्हशी आणि त्यानंतर मी. म्हशी व्यायच्या आणि यादीतून जायच्या. मी तशीच राहायची. पुढे पुढे गिरणीवर दळण टाकायला गेले तरी गिरणीवाल्याची आई, जिचा आमच्या मंडळीशी काही संबंध नव्हता, काळजीनं माझ्या पोटाकडे बघायची.

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडायचे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे, "सुनीती, प्रेमानं करतात गं." मला ते प्रेम नको होतं. तेव्हा मीच एक अर्ज लिहिला, चर्चसंघाच्या कार्यालयाला, बदलीसाठी. 'येथे दोन वर्षे श्रम करूनही कार्यास फळ दिसत नाही. मंडळीत तंटे आहेत. देवाचे गौरव होईल असे येथे काही नाही.' अक्षर माझं सुरेख. फक्त ह्यांची सही बाकी होती. रविवारची उपासना झाली की सही करतो असं ह्यांनी वचन दिलं होतं, आणि सोमवारी पोस्टमन येणार होता. अर्ज माझ्या बायबलात घडी करून ठेवला होता.

मनुका उकळत होत्या तेवढ्यात तबिथाबाई प्याला न्यायला आली. तिनं रीतीप्रमाणे झाकण उचललं.

"एवढ्यानं काय व्हतंय, बाई? आन् नुसतं पाणीच दिसतंय."

माझ्या प्रत्येक महिन्याच्या मनुकारसाला ती पाणीच म्हणायची. त्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, पिणार कोण आहे? निम्मी मंडळी तर दर महिन्याला पाराची शोभा वाढवते. एकमेकांची तोंडं बघत नाहीत आणि रविवारी पांढरे कपडे घालून येतात. ढोंगी आहेत सगळे.

तबिथाबाईनं झाकण ठेवलं. ती रागावली नाही. प्याला पदरानं पुसत म्हणाली, "ढोंग कराया उठावं कशाला लागतंय, बाई? बसून पिणं सोपं आसतं." आणि प्याला घेऊन निघून गेली. म्हातारी काहीतरी बोलायचं म्हणून बोलते असं मला वाटलं आणि मी स्टोव्ह बंद केला.

रविवारी ह्यांचं प्रवचन देवाच्या गौरवावर होतं. मी पहिल्या सतरंजीवर, मांडीवर बायबल, बायबलात अर्ज. बोलता बोलता ह्यांची नजर दोनदा त्या बायबलाकडे गेली आणि दोन्ही वेळा वाक्य अडखळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता इथली थोडीच प्रवचनं उरली म्हटल्यावर मी जरा प्रेमानंच ऐकत होते.

प्रवचन संपलं. ह्यांनी मेजावरचं पांढरं कापड बाजूला केलं. भाकर, प्याला, माझं छोटं पातेलं. आणि सवयीप्रमाणे मंडळी उठू लागली. भांबळ उठले, रणनवरे उठले, साळवे आणि बोर्डे एकमेकांना वाट न देता उठले. हाबेलकाकांनी पेटीचा भाता दाबला.

मी अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. भाता दाबताना त्यांचे डोळे प्याल्यावर होते. पंगतीत सगळ्यांच्या पानात वाढलं जातंय आणि आपल्याला उठवलंय, असं ते बघणं होतं. चार वर्षं, दर महिन्याला, हा म्हातारा असा बघून बाहेर गेला होता. त्याला कुणी अडवलं नसतं. बसून राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं? पण मनात शांतवन असताना त्या प्याल्याला ओठ लावायची त्याची छाती होत नव्हती. तो देवाला भीत होता. ते सगळेच भीत होते.

आणि मी? एकेचाळीस घरांविषयी मनात विष घेऊन चोवीस महिने मी बसून प्याले होते, आणि आज तर मांडीवर त्यांच्याविरुद्धचा अर्ज होता. सगळ्यांच्या आधी. पाळकाची बायको म्हणून पहिला घोट माझाच असायचा.

बसून पिणं सोपं असतं. आता मला कळलं म्हातारी काय म्हणाली ते.

मी उठले. ह्यांच्या हातात भाकर तशीच राहिली. आत उरलेल्या नऊ जणांनी माना वळवल्या, आणि मी चपला घालून बाहेर पडले.

बोरदऱ्याच्या इतिहासात पाळकीण उठली नव्हती. दोन बायका सरकल्या आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली, जशी नव्या शेजारणीला करतात. मी बसले. मग शांतवनकाकांना राहवलं नाही.

"कुनाशी झालं, बाई?"

"तुमच्याशी."

"माज्याशी? म्या काय केलं?"

"तुमच्या एकट्याशी नाही. सगळ्यांशी."

यावर पारावर जी कुजबुज झाली तिच्यात दुःख कमी आणि आदर जास्त होता. एका वेळी एका माणसाशी भांडणारी ती माणसं, एकेचाळीस घरांशी एकदम भांडलेलं कुणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. हाबेलकाका मात्र नियमाचे पक्के. ते उठले, चर्चच्या दारात गेले आणि आतल्या नऊ जणांना म्हणाले, की पाळकीणबाईंची अढी तुमच्याशीबी हाय, तुम्हालाबी पिता येणार न्हाई, तवा बाहेर या. आतले चिडत, पुटपुटत, पण येऊन उभे राहिले. शेवटी तबिथाबाई आली. आणि तिच्यामागे, पांढऱ्या झग्यात, रिकाम्या चर्चचे पाळक दारात येऊन उभे राहिले.

मग मला बोलावंच लागलं. मी बुधवारचं बोलले. म्हटलं, तुम्ही म्हशींनंतर माझं नाव घेता. मोठ्यानं घेता. माझं दुःख माझं होतं, ते तुम्ही गिरणीपर्यंत पोचवलंत. दर बुधवारी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं.

चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. तबिथाबाई माझ्या समोर पाराच्या खाली जमिनीवर बसली. त्या वयात तिला खाली बसायलाही वेळ लागला.

"म्या सुरू केलं ते," ती म्हणाली. "मला लेकरू न्हाई राहिलं, बाई. दोन झाली, दोन गेली. कुनी एक दीस माज्यासाठी तोंड उघाडलं न्हाई. म्हनून म्या ठरवलं, हिच्यासाठी मोठ्यानं मागायचं. तुमाला लाज वाटती हे मला उमगलंच न्हाई. चुकलं माजं."

दोन वर्षं ती माझ्या घरात येत होती. मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. मी पारावरून उतरले आणि तिच्या शेजारी मातीत बसले, पुण्याच्या साडीसकट.

मागून कुणीतरी काळजीच्या सुरात विचारलं, की म्हणजे आता प्रार्थना करायचीच न्हाई का? त्यावर तिथल्या तिथे वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला मनात करू. दुसरा म्हणाला मनातली सभेत धरत नाहीत. मी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण माझं संपलं नव्हतं.

"माझंही चुकलंय," मी म्हटलं. "मी तुम्हाला ढोंगी म्हटलं. आणि हे लिहिलं." बायबलातून अर्ज काढून मी वाचून दाखवला. फळ दिसत नाही, तंटे आहेत, देवाचं गौरव होईल असं काही नाही. वाचताना माझा मलाच तो कागद परका वाटत होता. वाचून झाल्यावर मी मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली.

"बरं मग यात खोटं काय हाये?" हाबेलकाका म्हणाले.

"अक्षर लई झ्याक हाये," शांतवनकाका म्हणाले.

"ते हाये," हाबेलकाका म्हणाले.

आणि ते थांबले. दोघंही थांबले. चार वर्षांनी साडू साडूशी बोलला होता, आणि तेही न ठरवता. सगळा पार बघत होता. हाबेलकाकांनी बोललेलं परत घेता येईल का याचा विचार केला असावा, कारण त्यांचा जबडा दोनदा हलला. मग त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि शांतवनकाकांकडे न बघताच म्हणाले, "जा, पेटी आन बाहेर. आन् आज जरा हळू वाजीव."

शांतवनकाका धावतच गेले. सत्तरीचा माणूस. पेटी, तबला, मागोमाग चौघांनी उचललेलं मेज, सगळं चिंचेखाली आलं. मेथी आणि शेळीचा निकाल दोन वाक्यांत लागला. काही जणांचा लागला नाही, ते खरं सांगायला हवं. कडूबाळ आणि त्याचा भाऊ शेताच्या बांधाच्या भांडणावरून तसेच फुगून बसले आणि दोघंही पाराच्या पलीकडे सरकले. तरी अडुसष्ट माणसं मेजाभोवती उभी राहिली. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी मनुका मूठभरच घातल्या होत्या.

ह्यांनी पातेल्यात बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तबिथाबाईकडे बघितलं. ती काही न बोलता उठली, दाराजवळच्या माठातून तांब्या भरून आणला आणि पातेल्यात ओतला. मग आणखी एक ओतला. जन्मभर दुसऱ्यांच्या रसाला पाणी म्हणून नाक मुरडणारी ती बाई तिसरा तांब्या ओतताना माझ्याकडे बघून हसली. तिला पुढचे दोनच दात होते.

गाणं सुरू झालं. तबला पहिली दोन कडवी अगदी शहाण्या लेकरासारखा वागला. तिसऱ्या कडव्याला शांतवनकाकांना आनंद आवरेना आणि लय सुटली. पण या खेपेला हाबेलकाकांनी डोळे मोठे केले, पेटीवर वाकले आणि तबल्याच्या मागे धावत सुटले. धापा टाकत दोघं शेवटच्या ओळीवर एकदमच पोचले, आणि मंडळी मात्र मागे राहिली.

प्याला फिरला. ज्यानं त्यानं जपून घोट घेतला, मागच्याला उरावं म्हणून. या माणसांना मी झाकणं उचलणारी माणसं समजत होते. हाबेलकाकांनी प्याला घेतला तेव्हा तो त्यांच्या दातांवर वाजला. पुसायचं म्हणून त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं ते बराच वेळ काढलं नाही. त्या दिवशी पाळकीण पहिली नव्हती, शेवटची होती. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मनुकांचा रंगही उरला नव्हता. माठाच्या मातीची चव होती, आणि अडुसष्ट तोंडांची. मी ते प्याले, आणि मला देवाचं गौरव दिसलं. याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही, आणि सांगायची लाजही वाटत नाही.

अर्जावर सही झाली नाही. पोस्टमन सोमवारी आला आणि पाणी पिऊन गेला. पुढच्या महिन्यापासून ह्यांनी एक नवी रीत घातली. उठणारे उठले की आतल्यांनी गात राहायचं, बाहेरचे समेट करून परत येईपर्यंत. कधी दोन कडव्यांत यायचे, कधी गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. कडूबाळ आणि त्याचा भाऊ परत आले त्या रविवारी उपासना पावणेचारला सुटली आणि गावात एकेचाळीस घरांचा भात करपला. मनुका मी त्यानंतर कधी मोजून घातल्या नाहीत. पुडी सगळीच ओतायची.

आणि बुधवारची सभा? त्या आठवड्यात मी भीतभीतच गेले होते. पाऊस झाला, आजारी माणसं झाली, म्हशी झाल्या. मग सगळे थांबले. हाबेलकाकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आन् प्रभू, जे बोलायचं न्हाई असं ठरलंय, ते तुला ठावं हाये." आमेन इतक्या जोरात झालं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी तोंडाला पदर लावला. रडत होते की हसत होते, माझं मलाच कळलं नाही.

आम्ही बोरदऱ्यात अकरा वर्षं राहिलो. मूल झालं नाही. निरोपाच्या दिवशी मी चाळिशी ओलांडत होते. हाबेलकाका तोवर गेले होते, आणि पेटी शांतवनकाकांचा जावई वाजवायचा. शेवटची प्रार्थना तबिथाबाईनं केली. तिला गुडघे टेकता येत नव्हते, दोघींनी तिला धरून उभं केलं. तिनं आमच्या प्रवासासाठी मागितलं, नव्या गावासाठी मागितलं, ह्यांच्या खोकल्यासाठी मागितलं. मग ती थांबली. सगळी मंडळी थांबली.

"आन् प्रभू," ती म्हणाली, "ती एक गोष्ट आजून तुज्याकडंच हाये. तू इसरला आसशील तर आसशील. आमी इसरलो न्हाई."

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं.